लहान सेन्सर की मोठा? नाटकं, पक्षी आणि मर्यादित बजेट

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. कॅमेरा बदलायचा विचार आहे आणि जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय, म्हणून हा धागा.

मी फोटो काढते ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक म्हणजे नाटक. आमच्या आणि ओळखीच्या हौशी ग्रुप्सचे प्रयोग पुण्यात कधी सुदर्शन रंगमंचावर असतात, कधी भरत नाट्य मंदिरात. रंगीत तालमीचे आणि प्रयोगाचे फोटो माझ्याकडे असतात. त्यातूनच पोस्टर होतं, एखादा फोटो ए-थ्री आकारात छापून बाहेर लागतो. दुसरं म्हणजे पक्षी. थंडीत कवडीपाट, आणि जमेल तेव्हा भिगवण.

हातात कॅननचा जुना एपीएस-सी डीएसएलआर आहे, म्हणजे आत आरसा असलेला, फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा (चित्र टिपणाऱ्या चिपचा) कॅमेरा. लेन्स दोन, १८-५५ आणि ५५-२५० मिमी. नाटकात आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ६४०० वर जावं लागतं. चेहऱ्यावर स्पॉट असेल तर फोटो बरा येतो, पण मागचा काळा पडदा काळा राहत नाही. त्यात जांभळे-हिरवे ठिपके उमटतात, आणि नटाने काळा कुर्ता घातला असेल तर बाहीची चुणी, खांद्याची कड सगळं त्या ठिपक्यांत हरवतं. भिगवणला वेगळाच प्रश्न. रोहित (फ्लेमिंगो) फ्रेमच्या मध्यभागी एवढासा दिसतो, आणि कापून मोठा केला की पिसं दिसत नाहीत, नुसता गुलाबी आकार उरतो.

दुकानात विचारलं तर "आता घ्यायचाच तर थेट फुल फ्रेम घ्या" म्हणाले. पक्षी बघणाऱ्या मैत्रिणीकडे मायक्रो फोर थर्ड्स (माझ्याहूनही लहान सेन्सरचा कॅमेरा) आहे, ती म्हणते वजन अर्धं आणि पक्षी दुप्पट मोठा. बजेट लेन्स धरून दीड लाखाच्या आसपास, खर्च टप्प्याटप्प्याने झाला तरी चालेल. मोठ्या सेन्सरने नेमकं काय मिळतं आणि माझ्या कामात ते पदरात पडेल का, हे समजून घ्यायचंय. जाणकारांनी वेळ काढून लिहावं ही विनंती.


प्रकाशकण

चांगला धागा. आधी आकडे देतो, कारण मोठा म्हणजे किती मोठा हे समोर नसलं की चर्चा भरकटते.

फुल फ्रेम ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौ. मिमी. निकॉन, सोनी, फुजी यांचा एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६, क्षेत्रफळ ३६७ च्या आसपास. तुमचा कॅननचा एपीएस-सी त्याहून किंचित लहान, २२.३ × १४.९, म्हणजे ३३२. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३, म्हणजे २२५. थोडक्यात फुल फ्रेमचं क्षेत्रफळ तुमच्या सेन्सरच्या अडीचपटीहून थोडं जास्त आणि मायक्रो फोर थर्ड्सच्या पावणेचारपट.

आता हे क्षेत्रफळ कामाला कसं येतं ते बघू. एफ नंबर म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं आहे याचं माप, आकडा लहान तितकं छिद्र मोठं. तो ठरवतो सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर पडणारा प्रकाश. तोच एफ नंबर, तेच शटर (म्हणजे प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ), तोच प्रसंग आणि तीच चौकट असेल तर मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश क्षेत्रफळाच्या प्रमाणात जास्त पडतो. प्रकाश फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) रूपात सुटा सुटा येतो, आणि त्यांच्या संख्येत चढउतार असतोच. १०,००० फोटॉन यायचे असतील तर चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १०० चा, एक टक्का. ४०,००० यायचे असतील तर २०० चा, म्हणजे अर्धा टक्का. प्रकाश चौपट झाला की खरखर निम्म्यावर येते. काळ्या पडद्यावर तुम्हाला दिसते ती बरीचशी हीच खरखर. तिथून फोटॉनच इतके थोडे येतात की चढउतार ठळक दिसतो.

स्टॉपच्या भाषेत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) सांगायचं तर तुमच्या एपीएस-सीवरून फुल फ्रेमला गेल्यास साधारण १.४ स्टॉपचा फायदा. मायक्रो फोर थर्ड्सवरून गेल्यास जवळपास दोन.

पण हे मिळतं ते एफ नंबर तोच ठेवता आला तरच, आणि नाटकात तो नेहमी ठेवता येत नाही. समजा फुल फ्रेमवर ८५ मिमीची एफ/१.८ लेन्स आहे आणि तुम्ही ८ मीटरवर बसलाय. एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारी खोली साधारण एक मीटर. एक नट पुढे, दुसरा दोन पावलं मागे उभा असेल तर मागचा धूसर होणार. दोघंही स्पष्ट हवेत म्हणून तुम्ही एफ/४ ला जाता आणि खोली दोन मीटरच्या थोडी वर जाते. आता मायक्रो फोर थर्ड्सवर ४२.५ मिमी लेन्स एफ/२ ला ठेवा. चौकट तीच, खोली तीच. फुल फ्रेमला आयएसओ ६४०० लागला तर इथे १६०० पुरतो, शटर तेच राहतं आणि दोन्ही फोटोंतली खरखर जवळपास सारखी येते. म्हणजे मोठ्या सेन्सरचा फायदा एकाच नटाच्या क्लोज-अपमध्ये पुरेपूर आहे, आणि दृश्यात तिघं-चौघं आले की तो विरत जातो.


लगीनघाई

प्रकाशकण यांनी गणित बरोबर मांडलंय, पण ते गणित एका बाजूला थांबतं. उघड्या एफ नंबरला काम करायचं असेल तर लहान सेन्सरवर त्या तोडीची लेन्सच मिळत नाही, किंवा मिळते ती परवडत नाही. मी लग्नांचं काम करतो आणि विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर असतो. ३५ मिमी एफ/१.४ आणि ८५ मिमी एफ/१.८, दोन्ही फुल फ्रेमवर. ३५ एफ/१.४ सारखं चित्र मायक्रो फोर थर्ड्सवर हवं तर १७ मिमीच्या आसपासची एफ/०.७ लेन्स लागेल. फोइक्टलेंडरची एफ/०.८ ची लेन्स त्या माउंटवर आहे, पण ती २९ मिमीची, हाताने फोकस करायची, आणि स्वस्त नाही. उलट फुल फ्रेमची साधी ५० मिमी एफ/१.८ सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक असते, आणि तिची बरोबरी करायला मायक्रो फोर थर्ड्सवर २५ मिमी एफ/०.९५ सारखी जड, महाग लेन्स घ्यावी लागते. बॉडीची किंमत पाहून लहान सेन्सर स्वस्त वाटतो. अंधारातल्या कामाचा पूर्ण संच मांडला की हिशोब फिरतो.

विसर्जनाला मला रात्रीच्या फायलीतून चेहरे वर काढावे लागतात. पथकातली मुलगी ढोल वाजवताना मान खाली घालते, मागून हॅलोजनचा लोट, चेहरा पूर्ण सावलीत, हवेत गुलाल. अशा फाइलमध्ये सावली दोन स्टॉप उचलली तरी त्वचेचा रंग टिकतो. मोठ्या सेन्सरसाठी मी पैसे मोजतो ते ह्यासाठी. नाटकातला प्रकाश याहून फार वेगळा नसतो.


कवडीपाट_पहाट

नाटकातलं मला कळत नाही. पक्ष्यांबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण "क्रॉप सेन्सरने (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरने) पक्षी जवळ येतो" हे वाक्य ऐकून लोक पैसे घालवतात.

पक्षी जवळ येत नाही. ३०० मिमीच्या लेन्सने समोरच्या चक्रवाकाची प्रतिमा सेन्सरवर जेवढ्या मिलिमीटरची पडते, तेवढीच ती कुठल्याही सेन्सरवर पडते. मोठ्या सेन्सरवर भोवतालचं पाणी जास्त येतं, लहान सेन्सरवर कमी. फरक पडतो तो त्या प्रतिमेवर पिक्सेल किती बसतात याचा. २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम फाइल एपीएस-सीच्या आकाराला कापली की दहाच्या आसपास मेगापिक्सेल उरतात. ४५ ची कापली तर एकोणीस-वीस. २० मेगापिक्सेलच्या मायक्रो फोर थर्ड्सचा एक पिक्सेल साधारण ३.३ मायक्रॉन, २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमचा ५.९. लांबच्या पक्ष्यावर लहान सेन्सर सरस वाटतो तो या दाट पिक्सेलमुळे.

आता प्रकाशाचं. पक्षी लांब आहे, पुढे जाता येत नाही, फोटो कापायचाच आहे. अशा वेळी त्या पक्ष्याकडून तुमच्या कॅमेऱ्यात किती प्रकाश शिरतो हे सेन्सर ठरवत नाही, लेन्सच्या छिद्राचा व्यास ठरवतो. फोकल लेंग्थला एफ नंबरने भागा, व्यास मिळतो. तुमची ५५-२५० पूर्ण लांबवली की २५० भागिले ५.६, म्हणजे ४५ मिमी. आता बाजारातल्या लेन्स याच मापाने बघा. कॅननची आरएफ १००-४०० एफ/५.६-८ वजनाने फक्त ६३५ ग्रॅम, पण व्यास ५० मिमी. म्हणजे प्रतिमा मोठी होईल, प्रकाश मात्र आहे त्याहून किंचितच जास्त. मायक्रो फोर थर्ड्सची ३०० एफ/४, व्यास ७५, वजन ट्रायपॉडची कॉलर सोडून पावणेतेराशे ग्रॅमच्या आसपास. कॅननची जुनी ४०० एफ/५.६, व्यास ७१, वजन सव्वा किलो. सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६००, लांब टोकाला एफ/६.३, व्यास ९५, वजन दोन किलोच्या आसपास. फुल फ्रेमची ६०० एफ/४ घेतली तर व्यास १५०, पण वजन तीन किलोच्या वर आणि किंमत गाडीच्या हिशोबात.

हा तक्ता मनात ठेवला की फॉरमॅटचा वाद आपोआप मागे पडतो. ४५ वरून ९५ ला गेलात की क्षेत्रफळ साडेचारपट होतं, म्हणजे पक्ष्यावर दोन स्टॉपहून जास्त प्रकाश, तोही आहे त्याच बॉडीवर. तुमच्या मैत्रिणीचं वजनाबद्दलचं म्हणणं खरंय, पण ते वजन वाचतं त्यात व्यासाचा मोठा वाटा असतो. आपल्याला किती व्यास खांद्यावर पेलतो हे आधी ठरवावं आणि त्याला साजेशी बॉडी नंतर.

भिगवणबद्दल एक. कुंभारगावला किंवा डिकसळला होडीत बसलात की ट्रायपॉड विसरा. होडीचं डोलणं आणि इंजिनाची थरथर पायांतून सरळ लेन्समध्ये येते. इंजिन बंद करायला सांगायचं, कोपर गुडघ्यावर टेकवायचं, आणि शक्य तितकं खाली, पाण्यालगत यायचं. हातात दोन किलो धरून रोहित उडायची वाट बघताना हात भरून येतात आणि नेमक्या क्षणी लेन्स खाली असते. तिथे हलक्या लेन्सने जास्त फोटो मिळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कवडीपाटला बंधाऱ्यावर बसून शेकाटे, धोबी टिपायचे असतील तर जड लेन्स गुडघ्यावर किंवा बीनबॅगवर विसावते, तिथे वजनाचं काही वाटत नाही.

सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत गोष्ट बदलते. शांत बसलं की स्वर्गीय नर्तक पाण्यावर अगदी जवळ येतो, उजेड मात्र फार कमी. तिथे कापावं लागत नाही, फ्रेम भरते, आणि मग मोठ्या सेन्सरचं सगळं क्षेत्रफळ खरोखर वापरलं जातं.


नवखा_बाणेर

सध्याच्या मोबाइलमध्ये रात्रीचे फोटो इतके चांगले येतात. मग वेगळा कॅमेरा लागतोच का?


प्रकाशकण

मोबाइल एकामागून एक अनेक फ्रेम घेऊन त्या जुळवतो, म्हणजे लहान सेन्सरवर वेळ वाढवून प्रकाश गोळा करतो. शनिवारवाड्याची भिंत हलत नाही, तिथे ते उत्तम चालतं. रंगमंचावर हात फिरवून बोलणाऱ्या नटाच्या बाबतीत त्या फ्रेम जुळत नाहीत. आणि चौथ्या रांगेतून चेहरा भरेल एवढी लेन्सही बहुतेक मोबाइलमध्ये नसते.


तिसरी_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. कवडीपाट_पहाट, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच माझ्या लेन्सचे आकडे भागून बघितले.

एक शंका. मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/४ म्हणजे फुल फ्रेमचा एफ/८, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. मग तिथे शटरही कमी ठेवावं लागतं का?


प्रकाशकण

नाही. एक्स्पोजरसाठी एफ/४ हा एफ/४ च. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर दोन्हीकडे तेच शटर आणि तोच आयएसओ सांगेल. दुप्पट करायचं ते चित्राची तुलना करताना. स्पष्टतेची खोली आणि खरखर या दोन बाबतींत तो फोटो फुल फ्रेमच्या एफ/८ सारखा दिसतो. कंपन्या जाहिरातीत फोकल लेंग्थ दुप्पट करून सांगतात आणि एफ नंबर तसाच ठेवतात. "६०० एफ/४ खिशात" असं वाटतं ते त्यामुळे.


ओला_घाट

मॅक्रोबद्दल, म्हणजे अगदी जवळून घ्यायच्या फोटोंबद्दल, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, धागा वाचणाऱ्या इतरांना उपयोगी पडेल.

पावसाळ्यात ताम्हिणीत बेडूक आणि चापडा साप शोधत फिरतो. रात्री, टॉर्च तोंडात धरून, गुडघाभर चिखलात. मॅक्रोला खोली इतकी कमी मिळते की सगळेच एफ नंबर वाढवतात. फुल फ्रेमवर एफ/१६ लावणारा आणि मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/८ लावणारा, दोघांना खोली तीच मिळते, डिफ्रॅक्शनचा (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने येणारा) मऊपणाही तेवढाच. प्रकाश फ्लॅशचा, म्हणजे आयएसओ कमीच राहतो. फुल फ्रेमचा फायदा इथे जवळजवळ शून्यावर येतो. मग उरतं वजन आणि पाऊस. ऑलिम्पसची ६० मिमी मॅक्रो १८५ ग्रॅमची आहे. ओएम-१ बॉडीला योग्य लेन्ससोबत धूळ-पाण्यापासून बचावाचं आयपी५३ मानांकन आहे, शिवाय कॅमेराच फोकस सरकवत फ्रेम घेतो आणि जोडून देतो. ताम्हिणीच्या पावसाला पाठीवरचं कमी ओझं आणि बंद सांधे हेच लागतं. मला या कामासाठी कुणी फुकट फुल फ्रेम दिला तरी मी बदलणार नाही.

पण तिसरी_घंटा यांचं काम हे नाही. नाटकासाठी लगीनघाई म्हणतायत त्यात तथ्य आहे.


डार्करूमवाला

धागा वाचून जुने दिवस आठवले. आज ज्याला फुल फ्रेम म्हणून मोठं मानतात तो आमच्या उमेदीत लहान फॉरमॅट होता. सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी चालवून २४ × ३६ ची चौकट ऑस्कर बार्नाकने लायकात घेतली, आणि १९२५ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात तो कॅमेरा लोकांसमोर आला. स्टुडिओवाले पुढे कितीतरी वर्षं १२० च्या, म्हणजे रुंद, फिल्मवरच होते. सहा बाय सहाची प्रत्यक्ष चौकट ५६ × ५६ मिमी, म्हणजे ३५ मिमीच्या साडेतीनपटीहून जास्त. आज फुल फ्रेम आणि मायक्रो फोर थर्ड्समध्ये जेवढं अंतर आहे जवळपास तेवढंच. लग्नाचं काम १२० च्या याशिकावरून ३५ वर आणायचं की नाही यावर पुण्यातल्या स्टुडिओंमध्ये अगदी याच मुद्द्यांवर वाद व्हायचे. निगेटिव्ह मोठी की कॅमेरा हलका.

डिजिटलमध्ये सेन्सर आधी लहान आले ते सिलिकॉनच्या किमतीमुळे. एका वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) लहान तुकडे जास्त बसतात आणि एखादा दोष निघाला तर थोडाच भाग वाया जातो. मोठा तुकडा महाग पडतो. शिवाय ३६ मिमीची बाजू चिप छापणाऱ्या यंत्राच्या एका झोताच्या क्षेत्रात मावत नव्हती, वेगवेगळे भाग जोडून छापावे लागत. म्हणून कॅननचा १डीएस २००२ मध्ये आला तेव्हा सामान्य माणसाने त्याच्याकडे बघण्याचं कारण नव्हतं. २००५ चा ५डी, निकॉनचा डी३ २००७ मध्ये, सोनीचा ए७ २०१३ मध्ये, असं करत फुल फ्रेम आवाक्यात आला. दुकानदार आता सरसकट तोच सुचवतात ते या उतरलेल्या किमतीमुळे.

छपाईचं सांगतो, कारण तुम्ही ए-थ्री म्हणालात. ए-थ्री म्हणजे १६.५ × ११.७ इंच. २० मेगापिक्सेलची मायक्रो फोर थर्ड्सची फाइल ५१८४ × ३८८८ असते. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ती १७ × १३ इंचांना पुरते. २४ मेगापिक्सेलची फाइल २० × १३ इंचांना. ए-थ्रीसाठी कुठलाही सेन्सर कमी पडणार नाही. बालगंधर्व कलादालनात भिंतभर लावायचं असेल तर वेगळा विचार, आणि तिथेही लोक चार-पाच फुटांवरून बघतात. ४४ × ३३ मिमीचे मीडियम फॉरमॅट कॅमेरेही आहेत, फुजी आणि हॅसलब्लाडचे. जुनी चित्रं, पोथ्या यांची नक्कल करायला ते अप्रतिम, पण नाटकाला त्यांचा उपयोग नाही. त्यांच्या बहुतेक लेन्स एफ/२.८ ते ४ च्या, तिथे क्षेत्रफळाची कमाई परत जाते.

एक काम करा. गेल्या वर्षभरातले तुमचे निवडलेले फोटो संगणकावर फोकल लेंग्थ आणि एफ नंबरप्रमाणे लावून बघा. टाकून दिलेले नकोत, ग्रुपला दिलेले, छापलेले तेवढेच. पुढचा सल्ला त्यातून निघेल.


विंगेतून

नाटकाच्या प्रकाशयोजनेत आहे म्हणून या बाजूने लिहिते. तुम्ही सगळे खरखरीवर बोलताय, प्रयोगात त्याआधी अडचण येते ती आवाजाची. सुदर्शनसारख्या जवळच्या रंगमंचावर शांततेच्या जागी डीएसएलआरचा आरसा खाडकन आपटतो तो पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत ऐकू जातो. नटाची लय तुटते. म्हणून आमच्याकडे डीएसएलआरवाल्यांना रंगीत तालमीलाच बोलावतात, प्रयोगाला नाही. यासाठी मिररलेसचं (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचं) इलेक्ट्रॉनिक शटर लागतं. सेन्सर केवढाही असो.

पण त्यात एक गोम आहे. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. बऱ्याच साध्या फुल फ्रेम बॉडींना तो वाचायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात एलईडी दिवे अनेकदा लुकलुकून घेतात. फोटोवर आडवे पट्टे येतात, निळ्या प्रकाशात तर फारच. लहान सेन्सर सहसा लवकर वाचून होतो, स्टॅक्ड सेन्सर (मागे वेगाने वाचणारे थर रचलेला) आणखी लवकर. नुसता "सायलेंट शटर आहे" एवढं वाचून कॅमेरा घेऊ नका.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे विजेवर थेट चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पूर्ण आवर्तन पकडलं जातं आणि पट्टे जातात. डिमरवरच्या एलईडींचा वेग वेगळा असतो, तिथे हा नियम चालत नाही. तालमीला प्रकाशयोजना करणाऱ्याला विचारा, दिवे २० टक्क्यांवर असताना एक फोटो आणि पूर्ण असताना एक फोटो काढून बघा. आणि गडद लाल, निळ्या एलईडीमध्ये एक्स्पोजर थोडं कमीच ठेवा. त्यात एकच रंगवाहिनी भरून वाहते, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र ठीक दिसत राहतो, आणि नंतर चेहरा म्हणजे सपाट निळा डाग निघतो. तो कुठल्याच फॉरमॅटमध्ये परत येत नाही.


तिसरी_घंटा

विंगेतून, काळजाला हात घातलात. प्रयोगाला मी शांततेत बोट दाबतच नाही, टाळ्या किंवा संगीत सुरू व्हायची वाट बघते. त्यात कितीतरी क्षण जातात.

डार्करूमवाला काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे फोटो लावून बघितले. नाटकाचे निवडलेले फोटो बहुतेक ५५ ते ९० मिमीच्या आत आहेत. एफ/५.६, शटर १/१००-१/१२५, आयएसओ ६४००. आणि त्यात एकट्या नटाचे किंवा दोघांचे फोटो जास्त, पूर्ण रंगमंचाचे अगदी थोडे. पक्ष्यांचे झाडून सगळे २५० वर.


प्रकाशकण

मग उत्तर तुमच्याच फोटोंत आहे. एफ/५.६ वरून एफ/१.८ ला गेलात तर सव्वातीन स्टॉप मिळतात. फुल फ्रेम बॉडी घेऊन तीच एफ/५.६ ची लेन्स वापरलीत तर १.४. लेन्स बदलण्याचा फायदा दुपटीहून जास्त, आणि खर्च बॉडीच्या तुलनेत अगदी थोडा.

कॅननची ईएफ ८५ मिमी एफ/१.८ आणि ५० मिमी एफ/१.८ बघा. ५० वाली १६० ग्रॅमची आहे, ८५ वाली सव्वाचारशे. ८५ ला एफ/२.८ ठेवलंत तर ८ मीटरवर जवळपास एक मीटर खोली मिळेल आणि आयएसओ ६४०० च्या जागी १६०० लागेल. एकटा नट असेल तर एफ/१.८ ला आणखी खाली, ६४० च्या आसपास. काळा पडदा काळा दिसायला लागेल.

या दोन्ही लेन्स फुल फ्रेमसाठी बनवलेल्या आहेत. उद्या कॅननची मिररलेस घेतली तर ॲडॅप्टरने चालतील, सेन्सर कुठलाही असो. तुमच्या हातातल्या दोन लेन्स ईएफ-एस, म्हणजे फक्त एपीएस-सीसाठी बनवलेल्या आहेत. त्या ॲडॅप्टरने मिररलेस फुल फ्रेमवर बसतात, पण कॅमेरा चित्र कापून घेतो. म्हणजे त्यांच्यासाठी फुल फ्रेम घेण्यात अर्थ नाही.


लगीनघाई

८५ बद्दल पूर्ण सहमत. पण पुढच्या टप्प्याला बॉडी घ्याल तेव्हा फुल फ्रेमच घ्या, हे माझं मत कायम आहे. ती ८५ एफ/१.८ एपीएस-सीवर १३६ मिमीसारखी दिसते, लहान रंगमंचावर ती फार जवळ जाते. फुल फ्रेमवर ती ८५ च राहील आणि वर १.४ स्टॉप. त्यांचे जास्त फोटो एकट्या नटाचे आहेत, म्हणजे मोठ्या सेन्सरचा फायदा जिथे पुरेपूर मिळतो नेमकं तेच काम.


कवडीपाट_पहाट

आणि पक्ष्यांचं काय? नुसत्या फुल फ्रेमवर त्यांची २५० आणखी आखूड पडेल. पक्ष्यांसाठी दाट पिक्सेलचा एपीएस-सीच बरा. कॅननचा आर७ ३२.५ मेगापिक्सेलचा आहे, पिक्सेल ३.२ मायक्रॉनच्या आसपास, शिवाय पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरतो. १५०-६०० त्यावर लावली की ९५ चा व्यास आणि दाट पिक्सेल दोन्ही. मात्र त्याचा सेन्सर स्टॅक्ड नाही. नाटकाला सायलेंट शटर वापरायचं असेल तर विंगेतून यांनी सांगितलेली पट्ट्यांची चाचणी आधी करून घ्या.


विंगेतून

लगीनघाई आणि कवडीपाट_पहाट दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात, फक्त हे एका बजेटमध्ये एकदम होणार नाही. तिसरी_घंटा, बॉडी घेण्याआधी भाड्याने आणून एका रंगीत तालमीत वापरून बघा. पुण्यात दिवसाच्या भाड्याने बॉडी आणि लेन्स सहज मिळतात. आमच्या पुढच्या तालमीला या, दिवे मी हवे तसे लावून देईन.


तिसरी_घंटा

विंगेतून, नक्की येते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

असं ठरवतेय. आत्ता ८५ एफ/१.८ वापरलेली बघते, आणि ५० नवीन. या थंडीत १५०-६०० भाड्याने आणून भिगवणला होडीत आणि कवडीपाटला बंधाऱ्यावर वापरून बघायची, दोन किलो पेलतं का हे कळेल. नाही पेललं तर ४०० एफ/५.६. बॉडी तालमीतल्या चाचणीनंतर. एकट्या नटाचे फोटो जास्त आहेत म्हणून मन फुल फ्रेमकडे झुकतंय, पण पट्टे आले तर शांत शटर हातात असून उपयोग नाही, तेव्हा ते आधी.

वापरलेली ८५ घेताना काय तपासू? विकणारे कोथरूडचेच आहेत, प्रत्यक्ष बघता येईल.


डार्करूमवाला

दिवसाउजेडी जा आणि बारीक झोताचा टॉर्च न्या. दोन्ही टोपणं काढून मागून टॉर्च तिरपा मारा आणि पुढून बघा. थोडी धूळ असली तर हरकत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, लेन्स घेऊ नका, कितीही स्वस्त असो. आपल्या पावसाळ्यात बंद कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती लागतेच. काचेच्या कडेला दुधी कडं दिसलं तरी नको.

मग स्वतःच्या बॉडीवर लावा. एफ/८ ठेवून डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबा आणि पात्यांवर तेल आहे का ते पुढून बघा. पाती झटकन मिटली आणि उघडली पाहिजेत. एफ/१.८ ला तीन-चार मीटरवरच्या छापील मजकुरावर तिरकस कोनातून फोकस करा आणि कार्डावर फोटो घेऊन घरी मोठा करून बघा. फोकस सांगितल्या ओळीच्या पुढे किंवा मागे जात असेल तर तो दोष लेन्सचा की बॉडीच्या जुळणीचा ते बघावं लागेल. तुमच्या बॉडीत फोकसची सूक्ष्म जुळणी करायची सोय नसेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघून) तोच फोटो परत घ्या. तिथे बरोबर आला तर लेन्स ठीक आहे, आणि मिररलेसवर ती अडचण येणार नाही.

घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, आत आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४०-५० टक्क्यांच्या दरम्यान असू द्या.